साडेअठरा

सोन्याच्या दुकानात गेलो होतो, खोटं कशाला बोलू.
झिनाईदानं काचेवर मखमल पसरली, म्हणाली,
"या वयात तरी बावनकशी घ्या, रुफिना."
या वयात. मी छप्पन्न, तू एकसष्ट,
बाहेर उणे एकवीस.
तू टोपी हातात धरून उभा,
टोपीवरचा बर्फ तिच्या मखमलीवर थेंब थेंब.

मी सोनं घातलंय, गेन्नादी.
उजव्या हातात, नऊ वर्षं.
ज्या हिवाळ्यात कारखान्यानं पगाराऐवजी
किटल्या आणि साबणाच्या वड्या वाटल्या,
त्या हिवाळ्यात ती अंगठी तराजूत बसली
आणि बटाट्यांची तीन पोती होऊन उतरली.
पोरगा जेवला. सोन्यानं सोन्याचं काम केलं.
फक्त बोटावरचा पांढरा पट्टा
उन्हाळ्यापर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

म्हणून म्हटलं, असं काही घालू
जे कुणी गहाणसुद्धा ठेवून घेणार नाही.

तीस वर्षं मी हा धातू कातते.
घाई केली की पेटतो,
बारीक कीस आधी, पांढऱ्या ज्वाळेनं,
पाणी ओतलं तर आणखी भडकतो,
माझ्या पायाशी कायम वाळूची बादली.
आणि हत्यार नुसतं टेकवून थांबलात,
कापायचं नाही, सोडायचंही नाही,
तर तिथल्या तिथे कठीण होऊन बसतो.
(पहिल्या नवऱ्याबद्दल मी एवढंच बोलेन.)

पाळी संपल्यावर लेथ माझंच.
तुझ्या बोटाचं माप दोनदा घेतलं:
सकाळी अठरा पूर्णांक दोन, संध्याकाळी साडेअठरा.
साडेअठरा धरलं.
"पुढे बोट सुजलं तर?"
ही वाढवता येत नाही.
सोनार सोन्याला डाग देऊन जोडतो,
ह्याला त्याचा डाग लागत नाही.
"मग?"
मग इस्पितळात करवत असते. कापतील.
मी दुसरी करीन.
"आणि तू नसलीस तर?"

मी हातावरचं तेल पुसत राहिले.
मग डाव्या हातात घाल, म्हटलं,
लोक घालतात तशी.
डावं बोट बारीक आहे तुझं,
सैल होईल. पडू देऊ नकोस.

तुझ्या मांडीत सळई आहेच,
क्रेनवरून पडलास त्या वर्षीची.
डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरला होता:
हाडानं हिला आपलं मानलंय,
आता काढायची कशाला?
मी तेव्हा नुसती शेजारीण, डब्यात सूप घेऊन आलेली.
काळ्या फोटोत तुझ्या आत
माझा धातू पांढरा, ताठ उभा.
खरं सांगू? आधी तो आवडला. तू नंतर.

बर्नरवर धरली तर रंग न लावता रंगते,
गवती, मग जांभळी, मग निळी.
तुला निळीच हवी.
वर्षभरात घासून जाईल रे, म्हटलं.
"मग वर्षभर निळी राहू दे."

गेटवर पहारेकऱ्यानं फोरमनची चिठ्ठी
दिव्याखाली धरून वाचली.
"भंगार सळई, एक तुकडा. अंगठ्या दोन.
का, विमानं संपली?"
मग मोजे काढून हाताशी हात मिळवला.

आता टेबलाशी सगळे ग्लास आपटतायत,
"कडू! कडू!" म्हणून ओरडतायत,
दारू गोड करायला आपल्याला उठावं लागतंय,
तुझा पाय थंडीत दुखतो तरी.
झिनाईदा तुझं बोट उचलून बघते,
"काहीच वजन नाही गं हिला!"

ती गेल्यावर तू टेबलाखाली
अंगठ्यानं चाचपतोस, एकदा, पुन्हा एकदा.
"आहे का?" माझ्या कानाशी विचारतोस.
आहे.
जेव आता.